गाडीचं गाऱ्हाणं

डिचोलीत आता आमचं घर रस्त्याला लागून आहे. संध्याकाळी एखादं पोरगं नवा सायलेन्सर लावलेली मोटारसायकल घेऊन जातं, उतारावर मूठ सैल सोडतं आणि मागून फटफट बार निघतात. मी तांदूळ निवडता निवडता म्हणते, "पातळ झाली." आमचे हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणतात, "सगुणाक फोन कर." मग आम्ही दोघंही हसतो आणि फोन काही करत नाही, कारण सगुण मेस्त्री फोन उचलतो, पण बोलू शकत नाही.

माणूस हयात आहे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर असं कुणाबद्दल लिहायला घेतलं की वाचणारे लगेच हळहळायला लागतात. गेला तो फक्त त्याचा आवाज. पण आवाज गेल्यावर सगुण पुन्हा कधी गाडीला हात लावील की नाही, याचा आमच्या जुन्या तिठ्यावर सगळ्यांना घोर लागला होता. मेस्त्रीच्या कामाला आवाज कशाला लागतो, असं कुणीही विचारील. सगुणच्या कामाला लागायचा.

पेडण्याहून केरीकडे जाताना वाटेत एक तिठा आहे. तिथे आमची पिठाची गिरण होती आणि तिच्या भिंतीला भिंत लावून सगुणचं गॅरेज आणि त्यालाच लागून त्याचं घर. आमचे हे पूर्वी डिचोलीला खाणीवर ट्रक चालवायचे आणि सगुण त्याच खाणीच्या वर्कशॉपमध्ये होता. खाणी बंद पडल्या तसा तो आपल्या गावी परतला. ह्यांनी ट्रक विकला, तेव्हा तिठ्यावरची जागा त्यानेच दाखवली. "वैनी, हय गिरण घाला," तो मला म्हणाला, "माझ्या आवाजापुढे तुमच्या गिरणीचो आवाज कोणाक आयकाक येवचो नाय." ते खरंच निघालं. चालू गिरणीच्या वर त्याची हाक ऐकू यायची. तिठ्यावरून कुणाला केरीची बस पकडायची असली की लोक हात दाखवत नसत, सगुणला सांगत. तो दारातूनच "होऽऽय" करायचा आणि बस वळणापलीकडे गेलेली असली तरी थांबायची.

उंच, काटकुळा, मिशी अगदी राखलेली. काम गाड्यांचं आणि अंगात कायम पांढरा शर्ट. शर्टावर डाग पडला तर मेस्त्रीला काम येत नाही, असं त्याचं मत होतं आणि ते तो गिऱ्हाइकाच्या दुसऱ्या मेस्त्रीबद्दल बोलताना हटकून ऐकवायचा. नम्रपणा नावाची गोष्ट त्याच्या आसपास फिरकली नव्हती. स्वतःच्या आवाजाची तर त्याला इतकी मिजास होती, की देवळात माइक लावला तर तो दोन पावलं मागे जाऊन उभा राहायचा.

देवळात उभं राहायचं कारण म्हणजे त्यांच्या घराण्याकडे गाऱ्हाण्याचा मान होता. घाटावरच्या माणसाला गाऱ्हाणं म्हटलं की तक्रार आठवते. आमच्याकडे गाऱ्हाणं देवासमोर घालतात. लग्न असो, नवी विहीर असो, कुणाचा मुलगा दुबईला निघालेला असो, मानाचा माणूस हात जोडून उभा राहतो. कोण आलंय, काय करायला निघालंय, काय चुकलंमाकलंय, काय हवंय, ते सगळं देवाला मोठ्याने सांगतो. प्रत्येक वाक्याला जमलेले सगळे म्हणतात, "व्हय म्हाराजा!" सगुणचे वडील हे करायचे, त्यांच्यामागे सगुण. जत्रेच्या दिवशी त्याचं गाऱ्हाणं देवळाबाहेर खाजं विकणाऱ्यांनाही ऐकू जायचं आणि तेही हातातला तराजू तसाच धरून "व्हय म्हाराजा" म्हणायचे.

आता त्याच्या कामाबद्दल. हल्लीच्या मोटारसायकलींना कार्बुरेटर नसतो. आत एक छोटा कॉम्प्युटर बसलेला असतो, तो ठरवतो पेट्रोल किती सोडायचं. पोरं काय करतात, कंपनीचा सायलेन्सर आणि हवेचा फिल्टर काढून टाकतात आणि मोकळे बसवतात. गाडी जास्त हवा ओढते, धूर पटकन बाहेर टाकते, पण कॉम्प्युटर बिचारा पूर्वीच्याच हिशेबाने पेट्रोल देत राहतो. मग गाडी अडखळते, तापते, उतारावर बार काढते. हे सगळं मला सगुणने गिरणीच्या जनेलात, म्हणजे खिडकीत, कोपर टेकून समजावलं होतं, तेही एका वाक्यात. "पाणी वाढयला, तांदूळ तेवढेच. पेज पातळ झाली, वैनी. आता ती पेज खावन नांगर धरून दाखय!"

तेव्हापासून आमच्या तिठ्यावर गाड्या पातळ असायच्या नाहीतर दाट. पेट्रोल कमी पडलं की पातळ, जास्त झालं की दाट. सगुण लॅपटॉप गाडीला जोडायचा. पडद्यावर चौकोनच चौकोन, मूठ किती पिळली आणि इंजिन किती जोरात फिरतंय त्याप्रमाणे प्रत्येक चौकोनात पेट्रोलचा आकडा. तो एकेका चौकोनात थोडं वाढवायचा, थोडं काढायचा, मग गाडी घेऊन समोरचा चढ चढून यायचा, परत बसायचा. हे तो कुठल्या शाळेत शिकला नव्हता. मोबाइलवर व्हिडिओ बघत आणि स्वतःच्या गाडीची वाट लावत शिकला. त्या दिवसांत त्याची बायको सुमती चालत बाजाराला जायची.

लॅपटॉप उघडण्याआधी मात्र तो ओलं फडकं घेऊन सायलेन्सरच्या सगळ्या सांध्यांवरून फिरवायचा, कुठे बुडबुडा येतो का बघायचा. "आदी गळती, मगे गणित." मग चालू गाडीच्या सायलेन्सरमागे तळहात धरायचा आणि तो हात नाकाशी न्यायचा. लॅपटॉप एक सांगायचा आणि नाक दुसरं, तर तो परत फडकं ओलं करायला जायचा. दहा-अकराला पेज यायची, खारातल्या आंब्यासकट. ती तो कदेलवर, म्हणजे खुर्चीवर, मांडी घालून खायचा आणि त्या वेळात गाडीचं नाव काढलेलं त्याला खपायचं नाही. एकदा एक गिऱ्हाईक वाडग्यात डोकावून म्हणालं, "मेस्ता, ही पातळ की दाट?" सगुणने त्याचं काम दुसऱ्या दिवसावर ढकललं.

गाडीचं गाऱ्हाणं सुरू झालं ते एका गैरसमजातून. पुण्याचा सौरभ नावाचा मुलगा मित्रांबरोबर केरीच्या समुद्रावर आला होता. नवाकोरा सायलेन्सर, नवा फिल्टर, आणि वाटेत गाडीने जीव खाल्लेला. सगुणने सवयीने म्हटलं, "थांब, आदी गाडयेचा गाराणा घालूया." त्याच्या मनात उदबत्ती लावून दोन शब्द बोलायचे होते. सौरभला वाटलं, गाडीच्या तक्रारी सांगायच्या आहेत. तो खिशात हात घालून सुरू झाला.

"चढाला अडखळते. आंबोली उतरताना मागून बार काढते. आणि इतकी गरम होते, की मांडी भाजून निघते."

सगुणने त्याच्याकडे पाहिलं. मग डोळे मिटले, हात जोडले आणि गरजला, "व्हय म्हाराजा!"

आम्ही दळणाला आलेल्या बायकांसकट सगळे गिरणीच्या दारात होतो. कानावर पडल्याबरोबर आमच्याही तोंडून निघालं, "व्हय म्हाराजा!" सौरभने मागे वळून बघितलं, कोण महाराज आलेत म्हणून. त्याने खिशातले हात बाहेर काढले, आणि मग सगुणने त्याच्या त्या तक्रारीच देवाला नीट लावून सांगितल्या.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा! आज ह्या पुण्याचा लेकरू तुझ्या तिठ्यार इला हा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेना सायलेन्सर बदललान, फिल्टर बदललान, आणि कोणाक एका शब्दान इचारूक नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हे सौरभच्या मित्रांनी जरा जास्तच जोरात म्हटलं.

"जा काय पातळ झाला आसात ता दाट कर, जा दाट झाला आसात ता पातळ कर, आणि ह्या लेकराक सुखरूप तेच्या आवशीच्या दारात नेवन उभा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आईचं नाव निघालं तशी त्या पोरांची थट्टा जरा निवली. सौरभने तर नंतर चढावर जाताना हेल्मेट घातलं, येताना त्याने ते आरशाला अडकवलेलं होतं. त्या दिवसापासून सगुणने नियमच करून टाकला. गाऱ्हाणं घातल्याशिवाय चावी फिरवायची नाही. गाडीवाल्याने तक्रार सांगायची, सगुणने ती देवापर्यंत पोचवायची, आम्ही हुंकार भरायचा. लोक म्हापशाहून, पणजीहून यायचे, आधी हसायचे आणि मग हात जोडायचे.

त्याचा फायदाही होता. सगुणला मोठमोठ्याने बोंबलणाऱ्या गाड्या अजिबात सहन व्हायच्या नाहीत. "तिठ्यार एकच आवाज पुरो," म्हणायचा. सायलेन्सर कुठलाही लावा, पण आवाज दाबणारी आतली जाळी काढायची नाही, ही त्याची अट. एकदा एक गृहस्थ आले, पिळदार दंड, गाडीचा आवाज असा, की आमच्या गिरणीचे पत्रे थरथरले. जाळी आत आहे म्हणून छातीठोकपणे सांगत होते. सगुणने वाद घातला नाही. गाऱ्हाणं सुरू केलं. सायलेन्सर बदलला, व्हय म्हाराजा. फिल्टर बदलला, व्हय म्हाराजा. "आणि सायलेन्सराची जाळी जाग्यार आसा रे म्हाराजा!" आम्ही सगळे गप्प. आम्हाला काय माहीत? सगुण डोळे मिटून उभा. त्या गृहस्थांनी तोंड उघडलं, मिटलं, देवळाच्या दिशेला एकदा बघितलं आणि मुकाट्याने पाठपिशवीतून टॉवेलात गुंडाळलेली जाळी काढून दिली.

पण सगुणलाही एका गाडीने रडवलं होतं, आणि त्यात आमचं नाव गुंतलं. म्हापशाच्या एका फोटोग्राफरची गाडी. फिल्टर उघडा, वर झाकण नाही. एक रात्र ती आमच्या भिंतीला टेकून उभी होती. दुसऱ्या दिवशी सगुणने बघितलं तर दाट, मागून काळा धूर. त्याने चौकोनाचौकोनातून पेट्रोल काढलं, गाडी छान चालायला लागली, फोटोग्राफर खुशीत गेला. दोन दिवसांनी बार काढत परत आला. पातळ. सगुणने पेट्रोल वाढवलं, गाडी भिंतीला लावली, सकाळी पुन्हा दाट! असं दोनदा झालं. सगुणची पेज तशीच गार होऊन राहायला लागली. सुमती म्हणाली, कुणीतरी गाडीवर नजर केलीय. शेवटी सगुणने वैतागून फिल्टरवर एक चापट मारली आणि पांढरा ढग उडाला.

त्याने बोट फिरवून जिभेला लावलं. "उकड्या तांदळाचा पीठ," तो म्हणाला. "वैनी! परवा उकड्याचा दळान कोणाचा होता?"

गिरणीतलं पीठ भिंतीवरच्या फटीतून जात होतं आणि त्या फिल्टरात बसत होतं. हवा अडली, की गाडी दाट. रस्त्यावर वाऱ्याने पीठ उडालं, की पातळ. माझी मान खाली गेली. पण पुढच्या गाऱ्हाण्यात सगुणने आपण होऊन घातलं, "गिरणीचा पीठ फिल्टरात गेला, त्येच्यात वैनीची काय एक चूक नाय रे म्हाराजा!" यावर आमचे हे सोडून सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले. ह्यांनी दुसऱ्या दिवशी त्या फटीवर ताडपत्री ठोकली.

जत्रेनंतर सगुणचा घसा दरवर्षी बसायचा आणि चार दिवसांत सुटायचा. त्या वर्षी सुटला नाही. पहिल्यांदा त्याने माझ्या पिठाला दोष दिला, मग खारातल्या आंब्याला, मग जत्रेतल्या माइकला. हाक घोगरी होत गेली. केरीची बस एकदा न थांबता निघून गेली, तेव्हा तो दारात बराच वेळ उभा राहिला. सुमतीने त्याला म्हापशाला डॉक्टरकडे नेलं, तिथून पुढे मोठ्या इस्पितळात. गाठ आवाजाच्या जागीच होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आवाजाची पेटी काढावी लागेल, नाहीतर जीव वाचायचा नाही.

सगुण नाही म्हणाला.

सुमती गिरणीत आली ती डब्यात थोडेसे गहू घेऊन. इतके थोडे कुणी दळून नेत नाही. मी गिरण बंद केली.

"मंगल, तो आयकना नाय," ती म्हणाली. "म्हणता, आवाज काडल्यार मी देवासमोर कित्याक उभो रवू? बापाशीन दिलेलो मान आसा, मुको मनीस तो कसो चालवतलो? आणि गाडयो? म्हणता, गाराणा नाय तर चावी नाय."

मी तिचे गहू सुपात ओतले आणि तसेच राहू दिले. समजूत घालायला गावातले बरेच गेले, सरपंच गेले, भटजी गेले. सगुणने सगळ्यांना चहा पाजला आणि परत पाठवलं. शेवटी ते काम सुमतीनेच केलं, आणि तेही भांडून. आम्हाला भिंतीपलीकडून ऐकू आलं. इतक्या वर्षांत त्या घरातून पहिल्यांदा तिचा आवाज त्याच्या वर चढला होता.

"देवाक गाराणा घालूक दुसरो मिळतलो! माका दुसरो खय मिळतलो?"

दोन दिवसांनी ती दोघं इस्पितळात जायला पिशवी घेऊन तिठ्यावर आली. केरीहून म्हापशाला जाणारी बस दिसली. सगुणने हाक मारली नाही. सगळ्यांसारखा हात दाखवला.

तो परत आला तेव्हा गळ्याला पातळ मलमलीचा रुमाल होता. त्याखाली गळ्यालाच एक भोक, आता श्वास तिथून. नाकातोंडाकडे हवा जातच नाही, त्यामुळे वासही गेलेला. त्याने आम्हाला बघितल्याबरोबर मोबाइल काढला आणि काहीतरी टाइप करून पुढे धरला. ह्यांनी मोठ्याने वाचलं, "माझोच फिल्टर काडलो. हवा सरळ आत." आणि खाली, "वैनी, पीठ सांभाळा." आम्ही हसलो आणि त्याच हसण्यात मला रडूही आलं. आठवडाभरात ह्यांनी ताडपत्री काढून ती भिंत पार छपरापर्यंत चढवली.

इस्पितळातून त्याला गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र दिलं होतं. त्याने ते आम्हाला एकदाच दाखवलं. रिकाम्या डब्यातून यावा तसा एकसुरी आवाज यायचा. मोबाइलवर त्याने लिहिलं, "ह्या आवाजान देवाक हाक मारली तर देव केरीची बस पकडून जायत." यंत्र पान्ह्यांच्या पेटीत गेलं.

देवळातला मान डिचोलीकडच्या चुलतभावाकडे गेला. प्रभाकर त्याचं नाव. माणूस चांगला, पण गाऱ्हाणं असं घाईत घालायचा, की आमचा "व्हय म्हाराजा" त्याच्या पुढच्या वाक्यावर आदळायचा. सगुण मागे खांबाला टेकून उभा असायचा. कुणाला वाटलं तो रागावेल, पण तो प्रभाकरकडे बघून मान हलवायचा, जरा सावकाश, एवढंच.

गॅरेज मात्र उघडलं नाही. गिऱ्हाइकं यायची, बंद शटर बघून परत जायची. सगुण घरच्या जनेलात बसायचा. गाडी गेली की अंगठा आणि बोट जवळ आणायचा, म्हणजे पातळ, लांब न्यायचा, म्हणजे दाट. कान शाबूत होते, हात शाबूत होते, लॅपटॉप कपाटात होता. एकदा आमच्या ह्यांनी धीर केला. "तू काम कर, गाराणा मी घालतंय," म्हणाले, आणि हात जोडून उभे राहिले. "बा देवा" एवढं म्हटलं आणि पुढचं काही आठवेना. सगुण पोट धरून हसला, आवाज न येणारं हसू. मग लिहिलं, "जो हात लावतलो तेनाच सांगूक होया." सुमती मला म्हणाली, जीव वाचला मंगल, पण माणूस जनेलातच राहिला.

थंडीच्या दिवसांत एका सकाळी सौरभ आला. आता त्याचं लग्न झालं होतं, मागे बायको होती. तीच गाडी, पण सायलेन्सर नवा, फिल्टर नवा, आणि दोघांना खाली केरळपर्यंत जायचं होतं. त्याला काहीच माहीत नव्हतं. मी त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तो बंद शटरसमोर जाऊन उभा राहिला. जावं की थांबावं कळेना, तसे त्याने हात जोडले आणि शटरलाच सांगायला लागला.

"मेस्त्री, सायलेन्सर बदलला, फिल्टर बदलला. तुम्हाला विचारलं नाही. चढाला अडखळते. उतारावर बार काढते. हिला घेऊन लांब जायचंय."

जनेलातली खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सगुण पांढरा शर्ट घालत बाहेर आला. त्याने सौरभकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, मग सुमतीकडे हात केला. सुमतीने कमरेची किल्ली काढून दिली. शटर वर गेलं तेव्हा आतल्या घुशीच्या लेंड्या बघून सुमती आधी झाडू आणायला धावली.

मी गिरण बंद केली. सगुणने फडकं ओलं केलं, सांधे बघितले, एक नट आवळला. लॅपटॉप जोडला. मग हात जोडून गाडीसमोर उभा राहिला. गिरण बंद असल्यामुळे तिठा एकदम शांत वाटत होता. त्याचे ओठ हलायला लागले. घशातून काही नाही, मलमलीचा रुमाल तेवढा आतबाहेर होत होता. हुंकार कधी भरायचा ते आम्हाला कळेना.

ओठ थांबले. आणि सुमती म्हणाली, "व्हय म्हाराजा."

ती त्याचं वाक्य कुठे संपतं ते ओळखत होती. सगुणच्या भुवया जराशा वर गेल्या, पण डोळे त्याने उघडले नाहीत. ओठ पुन्हा हलले. या वेळी आम्ही नीट बघत होतो. थांबले, तसे सगळे म्हणालो, "व्हय म्हाराजा!" पुढे काही अडलं नाही. पुण्याचं लेकरू आलं, सायलेन्सर बदलला, विचारलं नाही, सगळं आम्हाला कळत होतं. शब्द तर आम्हाला पाठच होते. पातळ ते दाट कर, दाट ते पातळ कर. शेवटच्या वाक्याला त्याने मान किंचित वर केली, आवशीचं नाव घेताना तो नेहमी करायचा तशी, आणि सौरभचा "व्हय म्हाराजा" सगळ्यांच्या आधी निघाला.

सगुणने चावी फिरवली.

दिवसभर तो चढ चढत होता आणि उतरत होता. तळहात सायलेन्सरमागे धरून सवयीने नाकाशी नेला, मग थांबला, आणि तोच हात सुमतीच्या नाकासमोर धरला. सुमतीने हुंगून तोंड वाकडं केलं. "दाट," ती म्हणाली. त्याने दोन चौकोनांतून पेट्रोल काढलं. संध्याकाळी शेवटच्या फेरीला आम्ही सगळे दारात उभे होतो. वरून त्याने मूठ सोडली आणि गाडी उतार उतरली. एकही बार निघाला नाही. आमचे हे म्हणाले, "बसली पेज," आणि सगळ्या तिठ्याने ते ऐकलं.

पुढच्या वर्षी खाणीवर पुन्हा काम निघालं आणि आम्ही गिरण माझ्या भावजयीला देऊन डिचोलीला निघालो. सामानाचा टेम्पो भरला. सगुणच्या गॅरेजसमोर तीन गाड्या होत्या, तो हात पुसत आला. टेम्पोत चढता चढता मी म्हटलं, "येतंव हां, मेस्ता." तो काही लिहायला खिशात हात घालील असं मला वाटलं. पण तो टेम्पोच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला आणि त्याने हात जोडले. सुमती त्याच्या बाजूला आली.

टेम्पोवाला बाहेरगावचा होता. तो किल्लीला हात लावून वाट बघत म्हणाला, "हे काय बोलतायत? मला काहीच ऐकू येत नाही."

मी त्याला थांब म्हणून खूण केली. काचेपलीकडे सगुणचे ओठ हलत होते. त्याची मान किंचित वर झाली, ओठ थांबले, आणि मी नि आमचे हे एकदम म्हणालो, "व्हय म्हाराजा." मग मी टेम्पोवाल्याला म्हटलं, "आता फिरव चावी."